कावळ्याशी बोलायचं की समोरच्यांशी?

ताई,
मी २४ वर्षांची, बँकेत नोकरी करते, राहते इंदूरला लोकमान्य नगरात. गेल्या गणेशोत्सवात मी स्वतः लिहिलेली ‘पापड’ नावाची एकपात्री केली. गच्चीवर पापड वाळत घातलेत, राखणीला आजी बसली आहे, आणि ती कावळ्याशी, शेजारणीशी, फोनवर पुण्याच्या बहिणीशी आणि शेवटी गेलेल्या आजोबांशी बोलते, एवढंच. वीस मिनिटं. लोक खूप हसले, शेवटी दोघी-तिघींनी डोळे पुसले. पहिल्या रांगेत बसलेली माझी खरी आजी (वय ८१) पुढे दोन दिवस सगळ्या नातेवाइकांना फोन करत होती.

मग बँकेतली मैत्रीण म्हणाली, हे ओपन माइकला कर, म्हणजे नवख्यांना माइकवर थोडा वेळ मिळतो त्या कार्यक्रमात. विजयनगरच्या एका कॅफेत पाच मिनिटं मिळाली. कावळ्याचा भाग हिंदीत करून नेला. डोक्यावर पदर, कमरेत वाक, सगळं तसंच. कुणी हसलं नाही. मध्येच मागून एक मुलगा म्हणाला, “दीदी, माइक में बोलो.” आयोजक नंतर म्हणाला, “थोड़ा नाटक जैसा हो गया.” आमचे नाटकाचे सर म्हणतात, बरं झालं, स्टँडअप म्हणजे नुसते चुटके, तिकडे फिरकू नकोस. आई म्हणते, गणपतीत आपली माणसं होती, कॅफेत घरातलं कशाला सांगायचं? मला मात्र दोन्ही करायचं आहे. दोन्हीकडे एकटीनंच उभं राहायचं, एकटीनंच बोलायचं, हसवायचं. मग फरक कुठे आहे? आणि तीच आजी तिथे का चालली नाही?
— पापडवाली, इंदूर

प्रिय पापडवाली,

तुझ्या पत्रात मला सगळ्यात कामाचं वाटलं ते मागच्या मुलाचं वाक्य. तू ते अपमान म्हणून घरी घेऊन आलीस, पण मला त्यात अपमान दिसत नाही. तू कावळ्याकडे मान वळवलीस, तोंड माइकपासून लांब गेलं, त्याला ऐकू येईना, म्हणून तो बोलला. त्याला ऐकायचं होतं. आणि अजाणता तो तुला दोन कलांमधला फरकही सांगून गेला: तिकडे कुठे बघतेस, आम्ही इथे आहोत.

गणपतीच्या मांडवात तू आलीस तेव्हा निवेदकानं सांगितलं असणार, आता एकपात्री प्रयोग, नाव ‘पापड’. दिवे मंद झाले असतील. लोकांनी त्या क्षणी तुझ्याशी एक करार केला, की पुढची वीस मिनिटं समोर गच्ची आहे असं आम्ही धरून चालतो. ही मुलगी आजी आहे आणि तिकडे डावीकडे कावळा आहे. कावळा नव्हता, तरी तीनशे माणसांनी तो पाहिला. हे काही लहान काम नाही. तुझ्या नजरेनं आणि हाताच्या फडक्यानं तो कावळा उभा केला.

कॅफेत असा करार झालेलाच नव्हता. दिवे चालू, टेबलावर कोल्ड कॉफी, तुझ्या आधी जे तीन-चार जण बोलून गेले ते सगळे आपापल्या नावानं, आपापल्या कपड्यांत, समोरच्यांच्या डोळ्यांत बघून बोलले. मग तू पदर घेऊन वाकून आलीस आणि कोपऱ्यातल्या कुणाशी तरी बोलायला लागलीस. त्या चाळीस जणांना कळेना की या पाच मिनिटांत आपण कोण. मांडवात ते प्रेक्षक होते. कॅफेत ते समोरचा माणूस व्हायला आले होते, आणि ती जागा तू कावळ्याला दिली होतीस.

मला विचारशील तर सगळा फरक इथून सुरू होतो. एकपात्रीत नट एक असतो, पण रंगमंचावर माणसं अनेक असतात, न दिसणारी. स्टँडअपमध्ये रंगमंचावर एकच माणूस असतं आणि दुसरं पात्र समोर खुर्च्यांत बसलेलं असतं.

यातली पहिली गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे, आणि तिचा एक धागा तुझ्या घरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात रूपकाचे, म्हणजे नाटकाचे, जे दहा प्रकार सांगितले आहेत त्यांत ‘भाण’ नावाचा एक आहे. एकच अंक, एकच नट. बहुतेक वेळा तो विट असतो, म्हणजे शहरातला बोलका, रसिक, जरा उनाड माणूस. तो रस्त्यानं चालतो, त्याला माणसं भेटतात, पण ती माणसं रंगमंचावर येतच नाहीत. तो हवेत बघून विचारतो, “काय म्हणतेस?” आणि तिचं उत्तर स्वतःच उच्चारून पुढे बोलतो. याला आकाशभाषित म्हणतात. ‘चतुर्भाणी’ म्हणून जे चार जुने भाण एकत्र मिळतात, त्यांतला शूद्रकाच्या नावावरचा ‘पद्मप्राभृतक’ उज्जयिनीच्या रस्त्यांवर घडतो. तुझी आजी फोनवर “काय म्हणतेस? गुडघा? कुठला, डावा?” असं जे करते ना, ते हेच आकाशभाषित. तू ते कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाहीस, मला माहीत आहे. तरी ते कुठून येतं हे तुला ठाऊक असावं, म्हणजे पुढच्या वेळी कुणी “नाटक जैसा” म्हणालं तर मान खाली जाणार नाही.

आपल्या पिढ्यांनी पाहिलेली एकपात्री याच वाटेवरची. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये ५२ व्यक्तिरेखा होत्या आणि माणूस एक. सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ १९८९ मध्ये उभं केलं, त्यात हसवण्याचा हेतूच मुख्य नव्हता. म्हणून सांगते, एकपात्रीला ‘एकट्यानं केलेलं विनोदी काम’ समजू नकोस. हसू हा तिचा एक रंग असू शकतो, किंवा नसूही शकतो. स्टँडअपला मात्र हसू लागतंच.

इथे एक साधी कसोटी सांगते, मला ती फार उपयोगी पडते. तुझं काम उद्या दुसऱ्या कुणी केलं तर काय होईल? लक्ष्मण देशपांडे २००९ मध्ये गेले. त्यांचं ‘वऱ्हाड’ पुढे संदीप पाठक यांनी उभं केलं आणि लोकांनी ते प्रेमानं पाहिलं. नट गेला तरी संहिता मागे राहिली, ५२ माणसं मागे राहिली. तुझं ‘पापड’ तुझ्या धाकट्या बहिणीनं केलं, तर ते ‘पापड’च असेल, फक्त आजी जरा वेगळी दिसेल. आता स्टँडअप करणाऱ्या कुणाचा सेट, म्हणजे त्यानं बसवलेलं सगळं बोलणं, दुसऱ्यानं उचलून केला तर? त्याला प्रयोग कुणी म्हणणार नाही, चोरी म्हणतील. त्यातला ‘मी’ त्या माणसाला चिकटलेला असतो, सोलून दुसऱ्याला देता येत नाही.

आपल्या इंदूरच्याच झाकीर खानचं बघ. २०१२ साली तो एका वाहिनीची स्टँडअप स्पर्धा जिंकला, पुढे देशभर पोचला. ‘सख़्त लौंडा’, म्हणजे पोरींपुढे न विरघळणारा कडक पोरगा, हा त्यानं घडवलेला एक चेहराच आहे. रोजच्या आयुष्यात माणूस सगळा वेळ तसा थोडाच असतो? म्हणजे मुखवटा तिथेही आहे. पण त्या मुखवट्याला तो स्वतःचंच नाव लावतो. प्रसंग माझा, फजिती माझी, बाप माझा, गल्ली माझी. समोरचे त्याच्यावर याच विश्वासानं हसतात.

मराठीत ‘भूमिका’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. नट भूमिका करतो, आणि माणूस भूमिका घेतो. एकपात्रीत तुला भूमिका करायची असते. स्टँडअपमध्ये ती घ्यायची असते. तुझ्या कॅफेतल्या पाच मिनिटांत आजीची भूमिका चोख होती, मला शंका नाही. पण पदराखालच्या २४ वर्षांच्या मुलीचं या सगळ्याबद्दल काय म्हणणं आहे, हे कुणाला कळलं नाही. आणि तिथे तेच ऐकायला लोक आले होते.

म्हणजे काय, ते तुझ्याच मालावर करून दाखवते. समज तू पदर घरी ठेवलास, नेहमीच्या कुर्त्यात गेलीस, ताठ उभी राहिलीस आणि म्हणालीस:

“माझी आजी ८१ वर्षांची आहे. तिला मोबाइलचा पासवर्ड लक्षात राहत नाही. पण २०१४ साली कुठल्या कावळ्यानं किती पापड नेले, ते तोंडपाठ आहे. मी बँकेत काम करते. कर्ज बुडवणाऱ्यांची एवढी नोंद आम्हीसुद्धा ठेवत नाही.”

कावळा तोच, आजीही तीच. पण आता बोलतेय नात, आणि ती समोरच्यांशी बोलतेय. पहिली दोन वाक्यं म्हणजे त्या लोकांच्या भाषेतला सेटअप: ऐकणाऱ्याच्या मनात एक दिशा तयार करायची. तिसरं वाक्य पंच: ती दिशा मोडायची. आणि बँकेचं जे आलं तो टॅग, म्हणजे त्याच हशावर रचलेला दुसरा हशा. बँकेच्या वाक्यातच तू दिसलीस, हे लक्षात घे. तोवर आजीची गंमत होती, तिथून तुझी सुरू झाली. पाच मिनिटांच्या शेवटी आजीची ती मोजदाद पुन्हा अचानक आणलीस, “आज निघताना आजी म्हणाली, किती जण असतील? म्हटलं, चाळीस. तर म्हणाली, परत येताना तेवढेच आहेत का बघून ये,” तर तो कॉलबॅक. हे शब्द इंग्रजी आहेत म्हणून परके मानू नकोस. आपल्या घरातली प्रत्येक हजरजबाबी मावशी हे सगळं नाव माहीत नसताना करत असते.

आणि आता ज्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे ते: हसू आल्यावर काय करायचं.

‘पापड’मध्ये लोक हसले तेव्हा तू काय केलंस, आठवून बघ. आजीला ते हसू ऐकू येत नाही. तिच्या गच्चीवर ती एकटी आहे. म्हणून हशा ओसरेपर्यंत तुला आजीच राहून काहीतरी करत राहावं लागतं: पापड उलटायचा, उन्हाकडे बघायचं, पदर सारखा करायचा. नट थांबतो, पात्र थांबत नाही. हे तू उत्तम करत असणार, नाहीतर शेवटी बायका रडल्या नसत्या. आजोबांशी बोलताना मांडवात जी शांतता झाली असेल ती तुझी कमाई होती. एकपात्रीत शांतता विकत घेता येते.

स्टँडअपमध्ये हसू म्हणजे समोरच्याचं उत्तर. तू एक वाक्य बोललीस, ते हसले, आता पुन्हा तुझी पाळी. दोन माणसांचं बोलणं चालतं तसं. हसू पूर्ण चढू द्यायचं, उतरायला लागलं की पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलंस तर तूच त्यांचं बोलणं तोडलंस, उशीर केलास तर ताण गेला. आणि ते हसले नाहीत, तर तेही उत्तरच आहे. ते ऐकू आलंच नाही असं दाखवून पुढे जाता येत नाही. “दीदी, माइक में बोलो” आल्यावर तू आजीच राहिलीस, हो ना? नाटकात तेच बरोबर होतं. तिथे मात्र त्या क्षणी आजीला बाजूला ठेवून त्या मुलाकडे बघायचं होतं आणि त्याला उत्तर द्यायचं होतं. काहीही चाललं असतं. “सॉरी भिया, कावळा त्या बाजूला बसलाय,” एवढं म्हणाली असतीस तरी ती खोली तुझी झाली असती, मला खात्री आहे.

या कामात मुरलेली माणसं मिनिटाला चार-पाच हशांचा हिशेब धरतात. गोष्ट सांगणारे त्यापेक्षा कमी हशांवरही खोली धरून ठेवतात, पण नव्यानं हा अंदाज जवळ ठेवावा. तुझ्या कावळ्याच्या भागात पहिलं हसण्याजोगं वाक्य किती वेळानं येतं? संहिता काढून घड्याळ लावून वाच. मला वाटतं दीड मिनिट तरी गच्ची, ऊन, पाट आणि चादर मांडण्यात जात असेल. नाटकाला ते हवंच. पाच मिनिटांच्या सेटमध्ये मात्र ते तुझ्या वेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा खातं.

आता तुझ्या सरांविषयी. ज्या शहरात बाबा डिके यांच्यासारख्यांनी ‘नाट्यभारती’ ही नाट्यसंस्था उभी केली, राहुल बारपुते यांच्यासारखा संपादक दिवसभर ‘नई दुनिया’ हे वर्तमानपत्र सांभाळून नाटकात रमला, त्या शहरातला नाटकाचा माणूस शब्दाबद्दल आणि तालमीबद्दल कडक असणारच. त्यांचा हा कडकपणा मला प्रिय आहे आणि तुलाही तो जन्मभर पुरेल. पण “नुसते चुटके” हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. चुटका कुणाचाही असतो, कुणीही सांगावा. चांगल्या स्टँडअपमध्ये एका माणसाचं आयुष्याकडे बघणं असतं, आणि ते पाच मिनिटांत अनोळखी माणसांच्या गळी उतरवणं हे नाटकाइतकंच कष्टाचं आहे.

सरांना एक आठवण मात्र द्यावीशी वाटते. माझं लहानपण रामबागेत गेलं. आजीच्या मांडीवर बसून मी पुष्कळ नारदीय कीर्तनं ऐकली. पूर्वरंगात बुवा सरळ आमच्याशी बोलायचे. अभंगाचा अर्थ सांगता सांगता मधेच मागून कुणी उशिरा आलं, की “या, या, बसा, अजून देव आलेला नाही,” म्हणायचे. सगळे हसायचे, उशिरा आलेलाही हसायचा. कुणाचं मूल रडलं, वीज गेली, पाऊस आला, सगळं त्या निरूपणात ओवलं जायचं. मग मध्यंतरात बुवांना हार घालायचे, बुक्का लावायचे, आणि उत्तररंग सुरू झाला की तोच माणूस बदलायचा. आख्यान लागलेलं असायचं. आता तो सुदामा होता, मग सुदाम्याची बायको, मग द्वारकेचा द्वारपाल. आता कुणी उशिरा आलं तरी बुवा तिकडे बघायचे नाहीत, कारण सुदामा द्वारकेच्या दारात उभा होता. एका रात्रीत, एका माणसानं, एकाच उपरण्यात ही दोन्ही कामं केलेली मी पाहिली आहेत. कीर्तनाचा हेतू भक्तीचा, त्याची बरोबरी मी कॅफेशी लावत नाही. पण समोरच्याशी बोलणं आणि पात्रात शिरणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, त्यांच्यामधली उंबरठ्याची जागा कुठे आहे, हे आपल्या कीर्तनकारांना कायमच ठाऊक होतं. सरांनीही कीर्तनं ऐकलेली असतील. त्यांच्याशी या बाजूनं बोलून बघ.

त्या उंबरठ्यावर उभं राहून काम करणारेही आहेत. पु. लं.नी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं सादर केली, तेव्हा लेखक तेच, नट तेच, आणि चाळीतली सगळी माणसं तेच. लोकांना पु. ल. दिसत होते आणि चाळही दिसत होती. पण त्या वयाला, त्या अधिकाराला पोचेपर्यंत तू दोन्ही कामं वेगवेगळी ठेव, असं माझं स्पष्ट मत आहे. आत्ताच मिसळायला गेलीस तर दोन्हीकडे अर्धी राहशील.

आईचं म्हणणं मी हलकं धरणार नाही. तूही धरू नकोस. ‘पापड’मधली आजी ही एक आजी आहे. तुझ्या घरचं नाव तिला लागलेलं नाही, ज्याला कळलं त्याला कळलं. “माझी आजी” म्हणालीस की ती लोकमान्य नगरातली, फोन करणारी, ८१ वर्षांची बाई होते. पात्राचा आडोसा जातो. तो आजीचा जातो आणि तुझाही जातो. स्टँडअप करणाऱ्याचं प्रत्येक वाक्य त्याचं स्वतःचं मत म्हणून धरलं जातं आणि त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते. १ जानेवारी २०२१ ला आपल्याच शहरातल्या एका कॅफेत कार्यक्रमाला आलेल्या तरुण विनोदकाराला धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारीवरून अटक झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानं ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन दिला तोवर तो तुरुंगातच होता. तुला घाबरवायला हे सांगत नाही. पापडांवरून कुणी तक्रार करणार नाही. पण आईच्या मनात जी भीती आहे ती निव्वळ जुन्या वळणाची नाही, हे तुला कळावं. नाटकालाही बंदी आणि खटले चुकलेले नाहीत, पण तिथे निदान “हे पात्राचं म्हणणं आहे” एवढं तरी सांगता येतं.

म्हणून माझं ऐक. सेट लिहून झाला की पहिल्यांदा आजींना वाचून दाखव. आईसमोर. व्हिडिओ इंटरनेटवर जाणार असेल तर तेही सांग, कारण गणपतीतलं हसू मांडवात राहतं आणि हे फिरत राहतं. आजींना ज्या वाक्याला टोचेल ते काढून टाक. ते कितीही हशाचं असलं तरी काढ. माझा अंदाज आहे की त्या काहीच काढायला लावणार नाहीत, उलट २०१४ नव्हे २०१३ म्हणून दुरुस्ती करतील. आणि तीही घाल, कारण ती तुझ्या पंचपेक्षा चांगली असेल.

भाषेचं तू विचारलं नाहीस, पण मला तिथेही काहीतरी अडलेलं दिसतं. तू मराठी आजीला हिंदीत बोलायला लावलंस. आजी हिंदीत कावळ्याला हाकलेल? ती “हाड् हाड्, मेल्या” म्हणेल! विजयनगरच्या कॅफेत तू स्वतः हिंदीतच बोल, आपलं इंदुरी हिंदी, बँकेत बोलतेस तेच. आजीचं वाक्य आलं की ते मराठीतच येऊ दे. अर्थ सूर सांगेल, आणि नाही कळला तर पुढच्या वाक्यात तू सांग, ते सांगणंही हशाचं होऊ शकतं. आपण घरी जे “काय करून राहिलीस” म्हणतो, ज्याला पुण्याची माणसं हसतात, ते तर तुझं सोनं आहे. ‘पापड’ला मात्र हिंदीचा हात लावू नकोस. या शहरात मराठी नाटकाला गर्दी करणारा प्रेक्षक आहे, ‘सानंद’ या संस्थेच्या प्रयोगांना जाऊन बघ, त्याच नाटकाचे वेगवेगळ्या गटांसाठी प्रयोग लावावे लागतात. तो प्रेक्षक तुझ्या आजीची मराठी समजतो.

थोडं हातांबद्दल. क्षुल्लक वाटेल, पण सेट यानंच बिघडतात. ‘पापड’मध्ये तुला दोन्ही हात मोकळे आहेत, पापड उलटायला, फडकं हलवायला. हातात माइक आला की एकच हात उरतो. तेव्हा ठरवून जा: माइक हातात घेणार असशील तर रिकामा स्टँड उचलून मागे ठेव, नाहीतर तो तुझ्या आणि लोकांच्या मध्ये दांडीसारखा उभा राहतो. दोन्ही हात लागणारी एखादी नक्कल असेल तर माइक स्टँडवरच राहू दे आणि तोंड तिथून हलवू नकोस. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायची तुझी सवय तिथे सोड. माइक मुठीएवढ्या अंतरावर असतो, त्याला स्वयंपाकघरातला आवाज पुरतो. आणि शेवटचं मिनिट उरल्याचा दिवा दिसला की आटप. नव्या माणसानं वेळ पाळली की पुढची तारीख मिळते.

एक समजूत मात्र मनातून काढ, की तू तिथे पडलीस. एकपात्रीची तालीम बंद खोलीत होते. आरशासमोर, सरांसमोर, रिकाम्या खुर्च्यांसमोर. स्टँडअपची तालीम रिकाम्या खोलीत होऊच शकत नाही, कारण दुसरं पात्रच गैरहजर असतं. म्हणून ही माणसं तालीम लोकांसमोर करतात, आणि त्या तालमीचं नाव ओपन माइक. तू तुझी पहिली तालीम केलीस, तीही दुसऱ्या नाटकाच्या संहितेवर. सर कधी पहिल्या तालमीवरून नट काढून टाकतात का?

तेव्हा पुढचे दोन महिने असं कर. कॅफेसाठी नवी पाच मिनिटं लिही, त्यात आजीची नक्कल वीस सेकंदांच्या वर जाऊ देऊ नकोस, बाकी सगळं नातीचं. तोच सेट निदान सहा वेळा, वेगवेगळ्या ठिकाणी कर. दर वेळी फोनवर आवाज टिपून घे आणि घरी ऐकताना स्वतःचं बोलणं ऐकू नकोस, त्यांचं ऐक: कुठे हसले, कुठे खुर्च्या सरकल्या, कुठे कप वाजले. जिथे कप वाजले तिथलं वाक्य बदल. दुसरीकडे ‘पापड’ पुढे ने. वीस मिनिटांची चाळीस कर. आजोबांचा भाग तू शेवटी आणलास, तो मला थोडा आधी हवासा वाटतो, म्हणजे त्यानंतरही आजीला उठून पापड गोळा करावे लागतील. ते गोळा करणं शब्दांशिवाय करून बघ. तिथे कुणी हसणार नाही आणि कुणी माइकमध्ये बोल म्हणणार नाही.

उन्हाळ्यात, खरे पापड गच्चीवर पडतात त्या दिवसांत, प्रयोग ठेवलास तर मला कळव. मी येईन. आजींच्या शेजारची खुर्ची मिळाली तर बरं, मला त्यांच्याकडून त्या कावळ्याचं एकदा नीट ऐकायचं आहे.

तुझी,
ताई